मोदक न्यू जर्सीला, हापूस अमेरिकेला: थंड माल विमानाने पाठवण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्रोझन आणि थंड खाद्यपदार्थ विमानाने परदेशी पाठवण्याबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार या अंकात घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण तसंच विचारणारे बरेच जण आहेत.

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचा बचत गट आहे, उकडीचे मोदक फ्रोझन करून आम्ही मुंबई-पुण्यात विकतो. न्यू जर्सीतल्या एका दुकानदाराने गणपतीसाठी मागितलेत. विमानाच्या फ्रीझरमधून जातात का आणि खर्च परवडेल का?

ताई, मोदक जातात, पण विमानात फ्रीझर असतो हे आधी डोक्यातून काढा. विमानाच्या पोटात जिथे कार्गो ठेवतात तिथे उणे १८ कुणी राखून देत नाही, आणि खरा धोका हवेत नसतोच, तो जमिनीवर असतो. माल सहारच्या कार्गो टर्मिनलला फ्लाइटच्या कितीतरी तास आधी द्यावा लागतो, मग कस्टम, एक्स-रे, पॅलेटवर बांधणी, मग ते पॅलेट विमानापाशी जाऊन उघड्यावर उभं, मध्ये दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल तर तिथे परत तेच, आणि पलीकडे उतरल्यावर क्लिअरन्स होईपर्यंत आणखी थांबा. एवढ्या सगळ्यात मोदक गोठलेले राहणार ते फक्त तुमच्या बॉक्समुळे. म्हणून दारापासून दारापर्यंत ४८ तास धरले असतील तर बॉक्स ७२ तासांच्या हिशोबाने भरा, माल ऑफलोड होऊन (म्हणजे ठरलेल्या विमानातून उतरवला जाऊन) दुसऱ्या फ्लाइटवर गेला की तो वरचा दिवसच वाचवतो.

बॉक्स म्हणजे जाड थर्माकोल, बाहेरून पुठ्ठा, आत ड्राय आइस. ड्राय आइस उणे ७८ अंशाचा असतो, त्याचं पाणी होत नाही, सरळ वायू होतो, त्यामुळे पुठ्ठा भिजत नाही. तो मोदकांच्या वर ठेवा कारण गार वायू खाली बसतो, पण मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, थेट चिकटला तर पारी तडकायची भीती असते. आणि बॉक्स हवाबंद कधीच करायचा नाही, वायूला बाहेर पडायला फट नसेल तर बॉक्स फुटतो. टेम्पोच्या केबिनमध्ये काचा बंद करून असे बॉक्स नेणं तर जिवावर बेतू शकतं, तो कार्बन डायऑक्साइड आहे, ड्रायव्हरला हे नीट समजावून सांगा प्लीज. विमान कंपनीच्या लेखी हा डेंजरस गुड्समध्ये येतो, क्लास ९, नंबर यूएन १८४५, बॉक्सवर लेबल आणि आत किती किलो ते लिहायचं, एअर वे बिलावर (विमानाच्या मालाची पावती) नोंद करायची. एका विमानात किती ड्राय आइस घेता येतो याला मर्यादा असते, म्हणून बुकिंग करतानाच सांगा, गेटवर पोचल्यावर सांगितलं तर गाडी परत फिरते.

आता पैसे. समजा बाहेरून ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटरचा बॉक्स आहे. कार्गोत लांबी, रुंदी, उंची गुणून ६००० ने भागतात, म्हणजे याचं व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे आकारावरून काढलेलं, वजन आलं १६ किलो (कुरियरवाले बहुतेक ५००० ने भागतात, तिथे ते १९ च्या वर जातं). आत १० किलो मोदक, १० किलो ड्राय आइस, २ किलो बॉक्सचं, झालं २२ किलो. दोन्हीतलं जे जास्त त्याचं भाडं, म्हणजे २२ किलोचं. तो ड्राय आइस वाटेतच उडून जातो पण भाडं भरलेलं असतं. ४० ग्रॅमचा मोदक धरला तर एका बॉक्समध्ये २५० मोदक, आता तुमच्या फॉरवर्डरने (माल पाठवून देणाऱ्या एजंटने) दिलेला किलोचा रेट २२ ने गुणा, वर टर्मिनल आणि क्लिअरन्सचा खर्च टाका आणि २५० ने भागा. तो आकडा दुकानदाराला आधी सांगा, मगच पुढचं बोला.

दोन गोष्टी अजून. ड्राय आइसचं काम थंडपणा टिकवणं, गोठवणं नाही. मोदक ब्लास्ट फ्रीझरमध्ये (झपाट्याने गोठवणाऱ्या) आतल्या सारणापर्यंत उणे १८ ला गेले पाहिजेत, साध्या डीप फ्रीझरमध्ये हळूहळू गोठवले की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि परत वाफवल्यावर पारीला भेगा जातात. दुकानदारालाही सांगून ठेवा, पाकिटात आतून भुरभुरीत बर्फ साचलाय आणि मोदक एकमेकांना चिकटून कळ्या बसल्यात असं दिसलं तर माल वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलाय, तो विकू नये.

कागदांचं म्हणाल तर आपल्याकडचं आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आणि एफएसएसएआयचं अन्नाचं लायसन्स तर हवंच, शिवाय जिथे मोदक बनतात त्या जागेचं अमेरिकेच्या एफडीएकडे (तिथलं अन्न-औषध खातं) रजिस्ट्रेशन, विमान उतरायच्या किमान ४ तास आधी त्यांना माल येतोय अशी प्रायर नोटिस, आणि तिकडे एफएसव्हीपीची, म्हणजे परदेशी पुरवठादाराचा माल सुरक्षित आहे हे तपासायची, जबाबदारी घेणारा इम्पोर्टर लागतो. दुकानदार स्वतः ती घेणार आहे का हे पहिल्याच फोनवर विचारा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर यंदा दोन-चार बॉक्स सॅम्पल म्हणून विमानाने पाठवा आणि पुढच्या वर्षी न्हावा शेवाहून जहाजाने जाणाऱ्या रीफर (फ्रीझरवाल्या) कंटेनरमध्ये एखाद्या मोठ्या एक्स्पोर्टरच्या मालाबरोबर जागा घ्या. समुद्राने महिना-दीड महिना लागतो पण फ्रोझन मालाला त्याने काही होत नाही, आणि मोदकाचे पैसे विमान कंपनीपेक्षा तुमच्या बायकांच्या हातात जास्त राहतील, मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: ड्राय आइसच्या भानगडीपेक्षा भरपूर जेल पॅक टाकले तर फ्रोझन कोळंबी टिकेल ना?

नाही टिकणार. साधा जेल पॅक म्हणजे मुख्यतः पाणी, तो ० अंशाला वितळतो, म्हणजे तो बॉक्स शून्याच्या आसपास धरून ठेवू शकतो, उणे १८ ला नाही. ताज्या, बर्फातल्या मासळीला तो उत्तम. फ्रोझनसाठी उणे २१ ला वितळणारे वेगळे पॅक मिळतात, मिठाच्या पाण्यावर चालणारे, घेताना वितळण्याचं तापमान विचारून घ्या. आणि आत तापमान नोंदवणारा एक छोटा डेटा लॉगर टाकाच, माल खराब निघाला तर नेमका कुठे गरम झाला हे त्याच्या ग्राफवरून कळतं, नाहीतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. कोळंबी विकायला पाठवत असाल तर एमपीईडीएचं (समुद्री मालाच्या निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) रजिस्ट्रेशन लागेल.

प्रश्न: देवगडचा हापूस अमेरिकेला पाठवायचाय. ४ अंशाला ठेवला तर जास्त दिवस ताजा राहील का? आणि थेट पाठवता येतो का?

४ अंशाला अजिबात नको! आंब्याला थंडी बाधते. हापूस साधारण १३ अंशाच्या आसपास ठेवायचा, त्याच्या बराच खाली काही दिवस राहिला की सालीवर काळपट डाग येतात, फळ धड पिकत नाही आणि वास तर जातोच. फोडल्यावर घरभर दरवळला नाही तर लोकांनी तेवढे डॉलर कशाला मोजायचे. फार थंड म्हणजे फार ताजं हा समज कलिंगड, केळी, आंबा या कुणालाच लागू नाही.

थेट पाठवता येत नाही. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या आंब्याला परत दार उघडलं ते विकिरणाच्या (किरणांचा मारा करून कीड निकामी करण्याच्या) अटीवर, किमान ४०० ग्रे (किरणांचं माप) डोस, तो लासलगावला किंवा वाशीला देतात आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचा माणूस तिथे हजर असतो. युरोपचा नियम वेगळा, फळमाशी सापडली म्हणून त्यांनी मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला होता, तो २०१५ च्या सुरुवातीला उठला, तिकडे ४८ अंशाच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवण्याची ट्रीटमेंट चालते. बाग अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीवर नोंदलेली हवी. आणि कागद दहा वेळा तपासा: मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ शिपमेंट लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाला अडकल्या, कारण पीपीक्यू २०३ या, ट्रीटमेंट झाल्याचा दाखला असलेल्या, एका फॉर्ममधला घोळ. परत आणायचा खर्च परवडेना म्हणून तो आंबा तिकडेच नष्ट करावा लागला. फळात काही खोट होती म्हणून नाही, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, एका बागायतदाराचं वर्ष असतं त्यात.

प्रश्न: लेक लंडनला असते. जाताना तळलेली सुरमई आणि खव्याच्या पोळ्या फ्रोझन करून नेऊ का? ड्राय आइस लागेल का?

काकू, सुरमई न्या, खव्याच्या पोळ्या नको. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मटण-चिकनचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, मासे २० किलोपर्यंत चालतात. ड्राय आइस माणशी अडीच किलोपर्यंत नेता येतो, पण विमान कंपनीची आधी परवानगी घेऊनच, आणि थेट फ्लाइट असेल तर त्याची गरजही नाही. तुकड्या दोन दिवस आधीपासून फ्रीझरला कडक होऊ द्या, पाकिटं एकमेकांना चिकटवून थर्माकोलच्या डब्यात भरा, रिकामी जागा वर्तमानपत्राने भरून टाका आणि डबा चेक-इन बॅगेत मधोमध ठेवा, भोवती कपडे. घरी पोचल्यावर तुकड्या अजून दगडासारख्या असतील तर सरळ फ्रीझरला, मऊ झाल्या असतील पण चांगल्या गार असतील तर परत गोठवू नका, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत खाऊन टाका.