फवारणीनंतर कपाशीवरील मावा दुपटीने का वाढतो?

प्रश्न (पाथरी व मानवत तालुक्यांतील काही शेतकऱ्यांकडून): कपाशीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसताच फवारणी केली, पण पंधरा दिवसांत तो आधीपेक्षा जास्त झाला. औषध बोगस होते का? तसेच पानांवर काळपट, नारंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत आहेत. त्यांच्यासाठी कोणते औषध घ्यावे?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. त्या अळ्यांसाठी कोणतेही औषध घेऊ नये. त्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत. त्या कपाशीचे पान खात नाहीत, मावा खातात, आणि एकेक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावा फस्त करते.

चिकटा (माव्याने टाकलेला गोड, चिकट द्रव) पडलेले एखादे पान उलटून उन्हात धरावे. केसासारख्या बारीक दांडीच्या टोकावर पांढरट अंडे दिसले, तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीचे समजावे. जवळच एखादा मावा फुगलेला, तपकिरी आणि निश्चल दिसेल. त्याच्या पाठीला गोल छिद्र असेल, तर त्याच्या शरीरात वाढलेला परोपजीवी कीटक त्यातून बाहेर पडून गेला आहे. एका पानावर एवढे व्यवहार चालू असतात, आणि पंप पाठीवर घेण्यापूर्वी ते पाहिलेच पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

शेत ही एक परिसंस्था आहे. कपाशी सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न तयार करते, मावा तिचा रस शोषतो आणि ढालकिडा मावा खातो. या साखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच ऊर्जा पोहोचते. म्हणून माव्याच्या मानाने ढालकिडे नेहमी थोडेच असतात. सर्व किडींवर चालणारे औषध फवारले की दोघेही मरतात, परंतु दोघे सारख्या वेगाने परतत नाहीत. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि उबदार हवेत ती पिल्लेही आठवडाभरात पिल्ले देऊ लागतात, तर ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. शिवाय माव्याचे अन्न, म्हणजे कपाशी, शेतात उभेच असते. ढालकिड्याचे अन्न मात्र मावा वाढल्याखेरीज तयार होत नाही. मधल्या काळात माव्याला खाणारे कोणीच उरत नाही, म्हणून तो दुपटीने दिसतो. औषध अस्सल असते तरी असेच घडू शकले असते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वारंवार वापरल्यावर पांढरी माशी उसळते, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण असते.

म्हणून फवारणीचा निर्णय मोजणी करूनच घ्यावा. एकरी 20 झाडे निवडून प्रत्येकाचे वरचे, मधले व खालचे असे एकेक पान तपासावे. सरासरी एका पानावर 10 पेक्षा कमी मावा असेल आणि ढालकिडे फिरत असतील, तर थांबावे. पातळी त्या आसपास आली, तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावी आणि पाणी घालून 100 लिटर द्रावण करावे.

पुढील हंगामात कपाशीत चवळीच्या काही ओळी अवश्य घ्याव्यात. चवळीवरचा काळा मावा मुख्यतः शेंगवर्गीय पिकांवर राहतो. त्यावर ढालकिडे आधीच पोसले जातात आणि कपाशीवर मावा येईल तेव्हा ते शेतातच हजर असतात. जुनी मंडळी कपाशीत चवळी, अंबाडी पेरत असत, त्याचा हाही एक फायदा होता.

मात्र हा भरवसा गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ठेवू नये. ही अळी अंड्यातून निघताच बोंडात शिरते आणि तिथे ढालकिडा पोहोचत नाही. तिची साखळी अन्नाच्या टोकाला तोडावी लागते: ती प्रामुख्याने कपाशीवरच जगते, म्हणून फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून पुन्हा घेतलेली बोंडे) न घेता डिसेंबरअखेर पीक संपवावे, शेवटी शेतात जनावरे चारून झाल्यावर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून न ठेवता त्यांचा यंत्राने भुगा करून कंपोस्ट खड्ड्यात टाकावा.