इंग्लंडच्या खेड्यात जुन्या गल्ल्या, पायवाटा आणि मध्ययुगीन चॅपल (छोटं प्रार्थनाघर) एकाच फेरीत कुठे बघता येईल?

दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं ॲबट्सबरी गाव गाठा. दगडी घरांच्या गावातून निघालेली पायवाट कुरणातून चढत टेकडीवरच्या सेंट कॅथरिन चॅपलपाशी नेते. बांधकाम १४व्या शतकाच्या अखेरचं. भिंती जाडजूड, छतसुद्धा दगडाचंच. टेकडीखालचा ख्रिस्ती मठ १५३९ साली बंद झाला नि पुढे पाडला गेला. चॅपल मात्र वाचलं, बहुधा दर्यावर्दींना खूण म्हणून उपयोगी पडायचं म्हणून. दक्षिणेकडच्या दाराशी खाचा आहेत ना, त्यांत गुडघा आणि हात टेकवून मुली चांगला नवरा मिळावा म्हणून नवस बोलत म्हणे! (नवसाची तऱ्हा सगळीकडे सारखीच.) उतारावर मध्ययुगीन शेतांचे बांध अजून दिसतात. कुरणातलं फाटक मात्र आठवणीने लावा, गुरं-मेंढरं असतात. आत बघण्यासारखं फारसं काही नाही. खरी मजा चढणीत आणि वरून दिसणाऱ्या समुद्रात.