'विभागून' पाठवावे की 'दोन्हीकडे' पाठवावे?

संगणकाच्या वापराविषयी मराठीतून माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका वाचकाने आपले एक वाक्य पाठवून ते योग्य आहे का, असे विचारले आहे. वाक्य असे आहे : 'स्क्रिप्टचे आउटपुट टी या आज्ञेने स्क्रीन आणि फाइलमध्ये एकाचवेळी विभागून पाठवा.' 'टी'साठी मराठी शब्द वापरावा का, असाही त्यांचा प्रश्न आहे. (स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, आउटपुट म्हणजे ती चालवल्यावर बाहेर येणारा मजकूर, आणि 'टी' ही आज्ञा रोमन लिपीत tee अशी लिहितात.)

या वाक्यातील 'विभागून' हा शब्द सर्वांत आधी काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विभागणे, वाटणे, दुभागणे या तिन्ही क्रियापदांत मूळ वस्तूचे भाग पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पूर्णापेक्षा कमीच येते. शंभर ओळी विभागल्या म्हटले की काही ओळी स्क्रीनवर आणि उरलेल्या फाइलमध्ये गेल्या, असाच अर्थ मराठी वाचक घेईल. प्रत्यक्षात 'टी' ही आज्ञा शंभरच्या शंभर ओळी दोन्हीकडे पोहोचवते. येथे वाटणी होत नाही, प्रत निघते.

हा घोटाळा आज्ञेच्या नावातच दडलेला आहे. नळजोडणीत एका नळाला आडवा फाटा देण्यासाठी रोमन 'टी' अक्षराच्या आकाराचा जो जोड बसवतात, त्याच्यावरून हे नाव आले. एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला पुरवण्याची युनिक्स या संगणक कार्यप्रणालीतील सोयही 'पाइप' म्हणजे नळच आहे. बागेतल्या पाण्याच्या नळीला नवा तुकडा जोडावा तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, ही कल्पना संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली होती आणि युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये प्रत्यक्ष उतरवली. रूपक सुंदर आहे, पण ते या एका ठिकाणी फसते, कारण जोडापाशी पाणी खरोखरच विभागले जाते आणि मजकूर विभागला जात नाही. त्यामुळे 'फाटा' हा एरवी इतका नेमका शब्दही येथे वाचकाला चुकीच्या वाटेने नेतो. तीन वाटा जिथे मिळतात त्या जागेला 'तिठा' म्हणतात. त्या शब्दाचा मोह मलाही झाला, कारण आकार हुबेहूब जुळतो. तरीही वाचकाला कळफलकावर टंकायची आहे ती 'टी'च, आणि आज्ञेच्या नावाचे भाषांतर केले तर ती चालणार नाही. म्हणून नाव तसेच ठेवावे आणि तिचे काम मात्र मराठी क्रियापदाने सांगावे.

'वळवणे' हे क्रियापद अनेक जण येथे वापरतात. ते चांगले आहे, परंतु दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावे. ओढ्याचे पाणी वळवले की मूळ पात्र कोरडे पडते. 'पेक्षा मोठे' या अर्थाचे चिन्ह वापरून आउटपुट फाइलमध्ये पाठवले की स्क्रीनही तशीच कोरी राहते. तिथे 'वळवणे' अगदी चपखल बसते, आणि 'टी'ची गरज नेमकी हे कोरेपण टाळण्यासाठीच असते.

'एकाच वेळी' हे दोन शब्द आहेत आणि ते सुटे लिहावेत, कारण 'एकाच' हे 'वेळी' या नामरूपाचे विशेषण आहे. 'एकदम' वापरू नये. त्यातून 'अचानक' आणि 'सगळे एका दमात' अशा दोन्ही छटा निघतात. 'एकसमयावच्छेदेकरून' हा जुना शब्द अर्थाने बिनचूक असला, तरी माहितीपुस्तिकेच्या वाक्याला तो पेलवणार नाही.

मात्र 'एकाच वेळी' म्हणजे कशाच्या वेळी, हे पुस्तिकेत सांगणे मला फार आवश्यक वाटते. पुष्कळसे प्रोग्रॅम थेट स्क्रीनवर लिहिताना ओळ पूर्ण झाली की ती लगेच दाखवतात, पण पुढे पाइप जोडलेला दिसताच काही हजार बाइट साठेपर्यंत मजकूर स्वतःपाशीच धरून ठेवतात. 'टी' स्वतः काही अडवून ठेवत नाही. तिच्याकडे जे येते ते ती तत्काळ पुढे देते. तरीही स्क्रीन बराच वेळ रिकामी दिसते, आणि 'एकाच वेळी' या शब्दांवर विश्वास ठेवलेल्या वाचकाला आज्ञाच चुकली, असे वाटू लागते. स्क्रीन आणि फाइल यांची वेळ एक आहे; स्क्रिप्टमध्ये घटना घडण्याची आणि ती दिसण्याची वेळ एक असेलच, असे नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील स्क्रिप्ट चालवताना 'यू' (-u) हा पर्याय दिला, तर हे साठवणे थांबते.

'स्क्रीन आणि फाइलमध्ये' ही रचनाही सुधारावी. मजकूर स्क्रीनवर दिसतो आणि फाइलमध्ये राहतो, तेव्हा प्रत्येक नामाला त्याचे स्वतःचे शब्दयोगी अव्यय हवे. 'फाइलीत' असे लिहिले तरी ते शुद्धच आहे.

राहिला 'आउटपुट'. त्यासाठी 'प्रदान' हा शब्द सुचवला गेला आहे, पण मराठी कानाला 'प्रदान' म्हटले की पुरस्कारच आठवतो. रुळलेला 'आउटपुट' ठेवणे बरे. त्याच्या मागे 'सगळे' हे विशेषण मात्र लावू नये. स्क्रिप्टचे नेहमीचे आउटपुट १ क्रमांकाच्या प्रवाहातून आणि त्रुटींचे संदेश २ क्रमांकाच्या प्रवाहातून बाहेर पडतात, आणि पाइपमध्ये फक्त पहिला प्रवाह जातो. दुसरा आधी पहिल्यात मिसळला नाही, तर त्रुटी स्क्रीनवर दिसतील आणि फाइलमध्ये त्यांचा मागमूसही नसेल.

तेव्हा वाक्य असे लिहावे : 'टी ही आज्ञा वापरली की स्क्रिप्टचे आउटपुट स्क्रीनवर दिसत राहते आणि तेच जसेच्या तसे फाइलमध्येही नोंदवले जाते.' त्याला जोडूनच आणखी एक वाक्य द्यावे : 'फाइलमध्ये आधीचा मजकूर असल्यास तो पुसला जातो, तो राखून त्याच्यापुढे नवा मजकूर लिहायचा असल्यास ए (-a) हा पर्याय द्यावा.'