टॅबरनॅकल कुठे ठेवायचं?
भाऊ, गावातल्या चर्चचं काम हाती घेतलंस, तर रंगरंगोटीआधी टॅबरनॅकलची, म्हणजे प्रभूचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर ठेवायच्या पेटीची, जागा ठरव. मिस्साग्रंथाच्या, म्हणजे मिस्सा या कॅथलिक उपासनेच्या पुस्तकाच्या, सर्वसाधारण सूचनांतला ३१५ वा परिच्छेद वाच. ज्या वेदीवर मिस्सा होते, तिच्यावर ते नको. वेदीपासून वेगळं, पण पवित्रस्थानातच, म्हणजे वेदीभोवतीच्या राखीव भागात. किंवा चर्चला जोडलेल्या, लोकांना दिसणाऱ्या प्रार्थनाकक्षात. निर्णय बिशपांचा.

माझं मत विचारशील तर वेदीमागे, मधोमध. कापूस वेचून परतणारी बाई दारातूनच गुडघा टेकते; प्रभू कुठे आहे हे तिला शोधावं लागू नये.

पेटी एकच, भक्कम, अपारदर्शक, जागेवर पक्की बसवलेली. आपल्याकडे वाळवी फार, म्हणून धातूची बरी. शेजारचा अखंड दिवा तेलाचा किंवा मेणाचा असतो. विदर्भाच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं, तेलच वापर. कुलूप नेहमी लावलेलं हवं, आणि चावी खिळ्याला टांगू नकोस.