‘ऑल्दो’ लिहिलं की ‘बट’ का नको?

तुमचा प्रश्न असा की ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ यात चुकलं काय, आणि अँड, बट, सो हे शब्द नक्की वापरायचे कसे.

मीही मराठी माध्यमातलाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमचे साहेब माझ्या पत्रातल्या ‘बट’भोवती लाल गोल काढून, एक शब्दही न बोलता कागद परत करायचे. खोड आपल्या ‘जरी-तरी’ची आहे. ‘जरी पाऊस होता’ म्हटलं की पुढे ‘तरी’ आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. इंग्रजीत मात्र सांध्याला एकच खिळा. ऑल्दो ठेवा, नाहीतर बट. ‘बिकॉज’ने सुरुवात करून पुढे ‘सो’ लावणं हीदेखील तीच चूक.

दोन बरोबरीची वाक्यं जोडणारे शब्द सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, यट, सो. आद्याक्षरांवरून ‘फॅनबॉइज’ म्हणून पाठ करतात. यातला ‘कारण’ या अर्थाचा फॉर पुस्तकी आहे, बोलताना कोणी वापरत नाही. ‘हाउएव्हर’ या यादीत नाही, त्यामुळे नुसता स्वल्पविराम देऊन त्याने दोन वाक्यं जोडू नका.

खरी गंमत नकारात आहे. ‘मला चहा आणि कॉफी आवडत नाही’ हे आपण सहज म्हणतो, पण इंग्रजीत तिथे ऑर येतो: ‘आय डोन्ट लाइक टी ऑर कॉफी’. रस्त्यावरची ‘डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्ह’ ही पाटी आठवा. पिऊ नका किंवा गाडी चालवू नका, असं ती म्हणत नाही. दोन्ही एकत्र नको, एवढंच म्हणते. तिथे ऑर घातला तर न पिणाऱ्यालाही गाडी चालवायची बंदी! नॉर आणखी नखरेल, त्याच्यामागे क्रम उलटतो: ‘ही डिडन्ट कॉल, नॉर डिड ही राइट’.

स्वल्पविरामाचं थोडक्यात: दोन्हीकडे आपापला कर्ता आणि क्रियापद असेल तर जोडणाऱ्या शब्दाच्या आधी द्या. ‘शी केम अँड सॅट डाउन’मध्ये कर्ता एकच, तिथे नको.

अँड किंवा बटने वाक्य सुरू करू नये असं शाळेत सांगतात, त्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातली बहुतेक वचनं अँडनेच सुरू होतात. आमच्या साहेबांनी तेही लाल केलं असतं, ते सोडा.