शंभर-दोनशे रुपयांच्या देणगीने मुलांचं खरंच काही भलं होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की शाळेचा निधी, वसतिगृहाची देणगी, मंडळाची वर्गणी म्हणत लोक पावतीपुस्तक घेऊन दारात येतात, आपण शंभर-दोनशे देतो, ते मुलांपर्यंत पोचतात का आणि एवढ्याशाने होतं काय? मी पुण्यात खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांच्या एका वसतिगृहाचं देणग्यांचं काम बघतो. पावती फाडणाऱ्याच्या बाजूने जे दिसतं, ते सांगतो.

एवढ्याशाने बरंच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत फिरले, टिळकांनी पाठबळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. तिथे तरुणांना काचकाम शिकायला मिळे. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामातही मुष्टिफंड होता. घरोघरच्या बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, ते मुलांच्या जेवणाला जाई. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या त्यागाला तोड नाहीच. पण दागिने एकदाच मोडता येतात, मूठ रोज येते.

आजही अडचण नेमकी याच जागी आहे. इमारतीला देणगीदार मिळतो. खोलीच्या दारावर आईवडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागते, उद्घाटनाला पाहुणे येतात, पेढे वाटले जातात. गॅस सिलिंडर, वीजबिल, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, टाकीची सफाई यांवर पाटी कुठे लावणार? हा खर्च छोट्या पावत्यांवर चालतो. ‘माझे पैसे पगारात नकोत, थेट मुलांवर खर्च करा’ असं बजावणारे पुष्कळ भेटतात. अहो, सकाळी सहाला पोहे कोण करणार?

अन्नदानाची तऱ्हा तर विचारू नका. वाढदिवस, पुण्यतिथी, सव्वीस जानेवारी, दिवाळीचा आठवडा. एखाद्या रविवारी दोन घरची श्रीखंड-पुरी आणि तीन केक येतात, आणि मधल्या वारी मावशी विचारतात, भाजी काय करू? म्हणून हल्ली आम्ही लोकांना विनवतो, तिथीला जेवण घालण्याऐवजी त्या रकमेचा किराणा द्या, तोही जूनमध्ये. प्रवेश, वह्या, गाद्या, सगळं तेव्हाच अंगावर येतं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. सरकारी शिष्यवृत्ती मंजूर होते, खात्यात पडायला मात्र महिने लागतात. तोवर फी थकली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडतो. मुलाचा बाप शेतमजूर, तो कुठून भरणार? सावकाराकडे जाणार, नाहीतर पोराला घरी बोलावणार. आम्ही देणग्यांतून एक तातडीचं खातं वेगळं ठेवलंय. त्यातून फी भरायची, शिष्यवृत्ती आली की मुलाने पैसे परत करायचे. वहीत शेवटचा रकाना ‘परत’ असा आहे आणि तो बहुतेक भरलेला असतो. तेच पैसे मग पुढच्या मुलाला. कुणी पॉलिटेक्निकचा, कुणी नर्सिंगची. तुमचे दोनशे असे चार जणांच्या हातून फिरून येतात. देणगीचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

गणपतीच्या वर्गणीला लोक उगाच नाकं मुरडतात. डीजेवर उधळणारी मंडळं आहेत, नाही कोण म्हणतं? पण पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीच्या ट्रस्टने गरजू विद्यार्थ्यांसाठी जय गणेश पालकत्व योजना चालवली आहे, आणि गल्लीतली लहान मंडळंही दप्तरं-वह्या वाटतात. तुमच्या मंडळाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी आहे का आणि मागच्या वर्षीचा हिशेब कुठे लावलाय, एवढं विचारा. हिशेब असलेला कार्यकर्ता चिडत नाही.

संस्थेला देताना छापील क्रमांकाची पावती आणि नोंदणी क्रमांक बघा. आयकराची ८०जी सवलत हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नका. नवी करप्रणाली घेतली असेल तर ती सवलत मिळतच नाही, मग कुणी तिच्या नावाने गळ घातली तरी भुलू नका. आणि बालगृहातल्या मुलाचा चेहरा, नाव दाखवून पैसे मागणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. अशा मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बालन्याय कायद्याने मनाई आहे.

जमलं तर वर्षाचे दोन हजार एकदम देण्यापेक्षा महिन्याला दीडशे-दोनशे बँकेतून आपोआप जातील अशी सोय करा. महिन्याला किती येणार हे ठाऊक असलं की जूनमध्ये नवीन मुलं किती घ्यायची, हे आम्हाला मार्चमध्येच ठरवता येतं.