‘प्रिव्हिलेज’ला मराठीत काय म्हणावे?

नाशिकच्या शरणपूर रोडवर राहणाऱ्या एका वाचकांचा भाचा शिक्षणासाठी अमेरिकेत आहे. ‘ख्रिश्चन प्रिव्हिलेज म्हणजे काय ते इथे आल्यावर कळले, आणि त्याने ओशाळायला होते,’ असे त्याने मामांना इंग्रजीत कळवले. हे पत्र चर्चच्या अंकासाठी मराठीत करताना ‘विशेषाधिकार’ लिहावे की ‘सवलत’, असा मामांचा प्रश्न आहे.

माझ्या मते दोन्ही नकोत. विशेषाधिकार पदाने किंवा कायद्याने मिळतो; आमदारांना असतो तो, आणि त्याला बाध आला तरी आपण ‘हक्कभंग’ म्हणून मोकळे होतो. सवलत मागावी लागते, तिच्यासाठी दाखला जोडावा लागतो, त्यामुळे ती घेणाऱ्याला विसर पडणे शक्यच नसते. शिवाय १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या, पुढे १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्या लागू झाल्या. ख्रिस्ती झालेला दलित मात्र आजही त्यांच्या बाहेर आहे. तेव्हा ‘ख्रिस्ती सवलत’ हे शब्द नाशिकच्या चर्चमध्ये वाचले गेले, तर बाकांवरून कडवट हसूच ऐकू येईल.

भाच्याला म्हणायचे आहे ते निराळे आहे. त्याच्या खोलीतल्या मुसलमान मित्राला ईदसाठी प्राध्यापकांकडे रजा मागावी लागते. नाताळची सुट्टी मात्र कॅलेंडरात छापूनच येते, आणि तिथल्या नाण्यांवरही देवावरचा विश्वास कोरलेला असतो. न मागता, न कमावता, वारशाने आलेल्या अशा गोष्टीला मराठीत जुना शब्द आहे : मिरास. मराठी बायबलात सौम्य लोक पृथ्वीचे ‘वतन’ भोगतात, म्हणून अंकाच्या वाचकांना ‘वतन’ हा शब्द जवळचा वाटेल. पण वतनाबरोबर गावाची चाकरी येते, आणि महार वतनात तर चाकरीच फार होती. म्हणून वतन नको.

मिरास घेण्याचे दुसरे कारण तिच्या जोडीच्या शब्दात आहे. पेशवाईतल्या गावात वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, आणि तसा हक्क नसताना बोलीवर कसणारा तो उपरी. मामांनीच पत्रात लिहिले आहे की, नव्या घरात सामान लावताना भिंतीवरचा क्रूस पाहून शेजारीण म्हणाली, ‘अय्या, तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती स्वच्छ बोलता!’ ज्यांच्या चार पिढ्या गोदाकाठी गेल्या, त्यांना हे ऐकावे लागते. (शरणपूर हे नावही एकोणिसाव्या शतकातल्या मिशनने आश्रयाला आलेल्यांच्या वस्तीला दिलेले आहे.) तोच क्रूस गळ्यात घालून मुलगा विमानात बसतो आणि उतरल्यावर मिरासदार ठरतो. त्याचे ओशाळणे या उलटापालटीतून आले आहे, आणि ते ‘विशेषाधिकारा’त उतरत नाही.

मिरास हा शब्द तरुण वाचकांना जड जाईल, ही शंका रास्त आहे. तसे वाटल्यास साधे ‘आयते’ चालेल. मात्र ‘आयतोबा’ची छटा टाळण्यासाठी वाक्य जपून रचावे. मी असे लिहीन : ‘नाशकात मी उपरी होतो, इथे ख्रिस्ती असण्याची मिरास मला आयती मिळाली, आणि ती मला टोचते.’ यात ‘उपरी’च ठेवावे, ‘उपरा’ करू नये. उपरा बाहेरून आलेला असतो, उपरी गावातच राहत असतो.